करपलेला कॉर्क

३ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर म्हणाले पान भरायचं. काय लिहायचं ते बोलले नाहीत.

म्हणून हे. हात आत्ताच दुखायला लागला. पाचवीनंतर मी एवढं कधी लिहिलंच नाही. सही, सामानाची यादी, माझ्या ठकीच्या डोसाचं कार्ड — संपलं.

आज कामाला लागले. पेनांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या, एक जिना, वर पत्रा. तिथे मास्तर शाईची पेनं हातानं करतात. जुन्या तऱ्हेची, पोटात शाई ओढून घेणारी. मला वाटायचं पेनं मशीनमधून फुटाण्यासारखी टपाटप पडत असतील. कसलं काय! एकेका पेनाचं काम तीन-तीन दिवस चालतं. आणि झालेलं पेन कुणीतरी घरी न्यायचं आणि त्यानं एक पान भरायचं.

"एका ओळीपुरती सगळीच पेनं शहाणी असतात," मास्तर म्हणाले. "पान भरलं की गुण दिसतात. रोज एक ने. पान मला दाखवू नकोस. पेन तेवढं परत आण."

दाखवायचं नाही, मग खरंच लिहिते. मला भीती वाटतेय. खूप.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी कामावरून आले आणि ठकी झोपलेली असली की लिहायचं असं ठरवलंय. ती झोपलीय. सासूबाई खिडकीत बसून शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांना नावं ठेवतायत.

भीती कसली ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. हे लांब रस्त्याच्या कामावर आहेत, रोलर चालवतात, चार-चार महिने घरी येत नाहीत. थोरल्या भाऊजींचं म्हणणं — एकटी बाई, मांडीवर पोर, भाड्याच्या खोलीत कशाला ठेवायची? आमच्याकडे राहील. १५ मार्चला ते गाडी घेऊन येणार आणि मला न् ठकीला घेऊन जाणार. यांनी फोनवर बराच वाद घातला तेव्हा एवढंच सुटलं, की तोवर हिला कायमचं काम लागलं तर राहू दे तिथेच.

चाळीस दिवस. मास्तरही तेवढंच म्हणाले. चाळीस दिवस बघतो, मग लेथवर, म्हणजे पेनं कातायच्या यंत्रावर, कायमचं बसवायचं का घरी पाठवायचं ते सांगतो.

तोवर ठकीला सांभाळायला भाऊजींकडून सासूबाई आल्यात. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "एकेचाळिसाव्या दिवशी मी इथे नसणार. सांगून ठेवते."

ठकी झाल्यावर सहा महिने मी जाऊबाईंकडे होते. ठकी आत रडायची आणि मी बाहेर अकरा माणसांची कणीक मळायचे. उठले की जाऊबाई म्हणायच्या, "रडू दे. फुफ्फुसं मोकळी होतात." हाताला कणीक, आणि आतून तो आवाज. अजून कणीक मळताना मी मधेच उठून ठकीला बघून येते.

नाही जायचं मला तिथे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजचं पेन खरवडतंय. मांजर दार खरवडतं तसं. पान भरवत नाही. उद्या सांगीन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं! घाबरत घाबरत सांगितलं, की खरवडतंय. मास्तरांनी भिंग लावून निब बघितली, म्हणाले, "एक टोक वर, एक खाली. माझ्या नजरेतून सुटलं होतं." आणि नखानं जरासं दाबलं. नुसतं नखानं. आणि पेन लोण्यासारखं! मी तिथेच उभ्या उभ्या रद्दीवर ठकी ठकी ठकी असं अर्धं पान लिहून काढलं.

कारखान्यात आम्ही तिघंच. मास्तर, मी, आणि पॉलिशवाल्या मावशी. मावशी चाकासमोर बसून पेनं घासतात आणि बोलतात. चाक थांबलं तरी बोलणं थांबत नाही. पेनं कडक काळ्या रबराची असतात, एबोनाइट म्हणतात त्याला. लेथवर लावलं की काळ्या कुरळ्या केसांसारखं सोलून निघतं आणि सडक्या अंड्यासारखा वास मारतो. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणाचं तरी पोट बिघडलंय. मी आपली शिष्टाचारानं गप्प. मावशींनी ओळखलं आणि हसून हसून स्टूलवरून घसरल्या.

घरी गेल्यावर ठकी माझ्या केसांचा वास घेते आणि शिंकते.

सासूबाई रोज दारात विचारतात, "काय, आज काय फोडलंस?"

मी म्हणते, "काही नाही, आई."

"मग उद्या फोडशील," म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार

यांचा फोन आला. म्हणाले, रोलर बिघडलाय, दोन दिवस नुसता बसून आहे. मी त्यांना निब, टोपण, निबेखालची ती काळी जीभ, सगळं सांगत सुटले. ते मधेच म्हणाले, "तू बोलतेयस ना? तूच ना?"

मीच. मलाही पटेना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मी पेनाला शाई पाजली!

एका जातीच्या पेनात आत रबरी पिशवी असते. अंगावरची छोटी पट्टी उचलली की पिशवी दबते, सोडली की फुगते आणि शाई आत ओढते. मास्तर म्हणाले कर. मी निब दौतीत बुडवली, पट्टी उचलली — बुड् बुड् बुड् — सोडली, आणि बघते तर दौतीतली शाई खाली खाली. अगदी ठकी दूध पिताना गिळते ना, तशी. मी मावशींना ओरडूनच सांगितलं, "प्यालं! प्यालं!"

मावशी म्हणाल्या, "आता पाठीवर थोपट, ढेकर काढ त्याचा."

मास्तर हसले नाहीत. पण मिशी हलली.

दुसरी जात जास्त अवघड. तिच्या शेपटाला घुंडी असते. घुंडी फिरवली की आत दांडी खाली जाते, उलट फिरवली की वर येते आणि शाई ओढते. दांडीच्या टोकाला कॉर्क असतो, बाटलीच्या बुचाचा असतो तोच. तो नीट बसला तर थेंब गळत नाही. नाही बसला तर खिशाचा समुद्र. आता बहुतेक लोक तिथे प्लास्टिक घालतात. मास्तर कॉर्कच घालतात. मागणारे तसलेच येतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फोडलं.

दुरुस्तीला आलेलं जुनं पेन होतं, घुंडीवालं. मास्तर बाहेर गेले होते. मी म्हटलं, आल्यावर म्हणतील वा, उघडून ठेवलंय. पकडीत धरलं, डावीकडे पिळलं. हलेना. आणखी पिळलं. कट्.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घुंडीचे आटे उलटे असतात! उजवीकडे पिळलं की उघडतं. मला कुठे माहीत? बाटली काय, नळ काय, डबा काय, जगात सगळं डावीकडेच उघडतं.

मास्तर आले. मी दोन तुकडे ओंजळीत घेऊन उभी. रडत नव्हते, पण नाकातून पाणी येत होतं. त्यांनी तुकडे बघितले, बाकाखालून एक पत्र्याचा डबा ओढला. उघडला. आत फुटलेलीच पेनं. शंभर तरी असतील. "हे सगळं माझं," म्हणाले. "यातली निम्मी याच घुंडीपायी." आणि माझे दोन तुकडे त्यात टाकले, वर झाकण लावलं. बस. एवढंच.

मावशी म्हणाल्या, "त्याच्या डोक्याचेच आटे उलटे आहेत, म्हणून त्याला जमतं. तुझे सरळ दिसतात, वेळ लागेल."

घरी आले. "काय फोडलंस?"

"पेन, आई."

रोज विचारायचं ते विचारलं आणि खरं निघालं, पुढे काय बोलायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "चहा घे."

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक महिना राहिला. लिहायला काही नाही. पेन छान चालतंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं! मास्तरांनी सांगितलं. घुंडीवालं एक पेन मी करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांची रीत अशी — मी एक, तू एक. शेजारी शेजारी बसायचं. त्यांनी एक काप घेतला की मी एक काप घ्यायचा. त्यांनी भोक पाडलं की मी पाडायचं. दोन पेनं, दिसायला एक. झाल्यावर दोन्ही शाईनं भरायची आणि आठ दिवस अंगावर वागवायची, एक त्यांनी, एक मी. जिना चढा, झोपा, पोर उचला, काय करायचं ते करा. आठ दिवसांत थेंब गळला नाही तर लेथवर बस. गळला तर —

तर काय ते ते बोलले नाहीत. मला ठाऊक आहे. १५ तारखेची गाडी.

"त्यांच्या मास्तरांनी त्यांना असंच बसवलं होतं," मावशी म्हणाल्या. "पहिलं गळलं. पांढऱ्या सदऱ्यावर. लग्नाला चालला होता."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"स्वतःच्या," मावशी म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लेथवर माझे हात थरथरत नाहीत. घरी पाणी ओतताना थरथरतात, रस्ता ओलांडताना थरथरतात, आणि लेथवर नाही! मला स्वतःचंच नवल वाटतंय. काळी दांडी गरागरा फिरते, हत्यार टेकवायचं, आणि ते केस निघत राहतात, लांबच लांब, न तुटता. आज माझा सगळ्यात लांब निघाला. मास्तरांचा मधे तुटला. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. पण आत नुसत्या गुदगुल्या.

आटे पाडले. दोन्हीकडचे. एकीकडे सरळ, शेपटाकडे उलटे. माझं टोपण चढवलं तर असं गिरगिर बसलं की मी दहा वेळा काढलं, दहा वेळा लावलं. मास्तर म्हणाले, "झिजेल."

२४ फेब्रुवारी, सोमवार

कॉर्क कापायला बसले. सहा वाया गेले. सातवा जमला. एवढूसा, वाटाण्याएवढा, मधे भोक. आता तो वितळलेल्या मेणात उकळायचा. कॉर्कमधून बुडबुडे येत राहतात, ती आतली हवा. तिच्या जागी मेण आत शिरतं आणि कॉर्क शाई पीत नाही. मास्तर म्हणाले पाव तास पुरे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

देवा. आजचा दिवस! पहिल्यापासून लिहिते, नाहीतर विसरीन.

सकाळी मास्तरांनी आपला कॉर्क उकळून काढला. त्यांचं पाव तासात झालं. मग मी माझा टाकला. मास्तर निबवाल्याकडे गेले. मी शेगडीपाशी, बुडबुडे बघत. तेवढ्यात जिन्यावर धाड् धाड् धाड्. सासूबाई! आयुष्यात पळाल्या नसतील एवढ्या पळत आल्या. कडेवर ठकी. आणि ठकीचं तोंड निळं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही, मावशी म्हणतात किंचाळलीस, चाक थांबलं. मला वाटलं श्वास अडकला. ठकी मात्र मजेत. हसली. दात निळे, जीभ निळी, हिरड्या निळ्या, हनुवटीवरून निळी लाळ.

मी काल घरी आणलेलं पेन आज उशीखालीच विसरले होते. ठकीनं काढलं आणि चोखलं.

आम्ही दोघी तशाच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. मी अनवाणी. चपला वरच राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी ठकीचं तोंड बघितलं, पोट दाबलं, शाई कसली ते विचारलं, आणि म्हणाल्या, "काही होत नाही. पाणी पाजा. उद्या लंगोट निळा दिसला तर मला फोन करू नका."

मी मटकन बाकावर बसले. आणि सासूबाई, ज्या रस्ताभर मला "भागूबाई, रडू नकोस, भागूबाई, पुढे बघून चाल" करत होत्या, त्या बसल्या आणि रडायलाच लागल्या. "माझ्या हातात होती," म्हणाल्या. "मी नुसती शेंगा निवडायला वळले." मी त्यांचा हात धरला. त्यांनी दोन मिनिटं धरू दिला. मग म्हणाल्या, "सोड आता, घाम आलाय."

मग आठवलं. कॉर्क!

पळत वर. मावशी बाहेर जिन्यात उभ्या होत्या, आमचीच वाट बघत, त्यांनाही आठवलं नव्हतं. पाऊण तास झाला होता. मेण शांत. एकही बुडबुडा नाही. कॉर्क बाहेर काढला — तपकिरी. कडक चहासारखा. मास्तरांचा बाजूला बशीत होता, तो पांढरट, छान.

करपला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मी सांगितलं नाही.

नवा कापायचा तर परत सहा वाया जाणार, परत उकळायचं, मास्तर विचारणार. आणि त्यांचा कॉर्क दांडीवर चढलासुद्धा. मी एक, तू एक. मी माझा करपलेलाच चढवला. त्यांचं लक्ष नव्हतं. पटकन आत सरकवला, वर घुंडी फिरवली, बंद.

आता तो आत आहे. कुणाला दिसत नाही. मला दिसतोय.

(लंगोट निळा होता. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवला.)

१ मार्च, शनिवार

पण प्यालं! माझं पेन शाई प्यालं! घुंडी फिरवली, दौतीत बुडवली, परत फिरवली, आणि गच्च भरलं. मी केलेलं पेन! मी! पाचवी! जाऊबाई म्हणायच्या हिला चहासुद्धा दोन वेळा सांगावा लागतो.

मावशींनी दोन्ही पेनं चाकावर घासली. काळी ठिक्कर, तोंड दिसेल अशी. एका फडक्यात गुंडाळून आणली, मास्तरांनी एक उचलून खिशाला लावलं, एक मला दिलं. सोमवारपासून आठ दिवस.

खिशाला! माझ्या कपड्यांना खिसाच नाही. बायकांच्या कपड्यांना खिसे कोण लावतं? घरी सांगितलं तर सासूबाईंनी काही न बोलता सुईदोरा काढला आणि माझ्या तिन्ही झग्यांना आतून खिसे शिवले. टीप अशी की तोडता तुटणार नाही. मग स्वतःच्याही एका झग्याला एक शिवला.

"तुम्हाला कशाला, आई?"

"असू दे. तिकडे थोरल्या सुनेच्या घरी माझं सुटं काही ठेवायला जागाच नाही," म्हणाल्या. तोंडात दोरा होता, नीट ऐकू आलं नाही, पण असंच म्हणाल्या.

३ मार्च, सोमवार

कोरडं.

४ मार्च, मंगळवार

कोरडं. जिना अकरा वेळा चढले. मुद्दाम.

६ मार्च, गुरुवार

कोरडं! दिवसातून वीस वेळा खिशात बोट घालून बघते. बोट कोरडं. ठकीला वाटतं हा खेळ आहे, तीही माझ्या खिशात बोट घालते आणि मग ते बोट मला दाखवते. आज सासूबाईंनाही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि निकाल दिला, "पास."

कामावर मास्तर काही विचारत नाहीत. मी काही सांगत नाही. मावशी गातात. मला वाटतं करपलेला कॉर्क चालून गेला. मला वाटतं मी उडतेय, पाय जमिनीला लागत नाहीत. बाजारात उगाचच भाजीवालीला म्हटलं, छान आहे हो तुमची कोथिंबीर. ती घाबरली.

८ मार्च, शनिवार

दोनच दिवस. लेथ कुठल्या खिडकीपाशी हवा तेसुद्धा मनात ठरवलं. आहे तिथेच हवा.

९ मार्च, रविवार

गळलं.

सातवा दिवस. दुपारी ठकीला घेऊन पडले होते. उठले तर कमरेशी गार लागलं. खिसा, झगा, चादर, ठकीची टाच. घुंडीपाशी शाई. निबेकडे नाही, शेपटाकडे. म्हणजे कॉर्क. म्हणजे करपलेला कॉर्क.

सासूबाईंनी चादर बादलीत टाकली. मग ठकीची टाच घासायला घेतली. आज "काय फोडलंस" सुद्धा नाही.

पान भरायला आणलेल्या पेनानं लिहितेय. याला काही झालं नाही. याचं काय, हे मास्तरांचं.

१० मार्च, सोमवार

आजचंही पहिल्यापासून लिहिते.

गेले. पेन फडक्यात गुंडाळून मास्तरांपुढे ठेवलं. म्हटलं, गळलं. मग तोंडातून सगळंच बाहेर पडलं. कॉर्क करपला होता, पाऊण तास राहिला होता, ठकीनं शाई खाल्ली त्या दिवशी, मला माहीत होतं, मी तरी घातला, सांगितलं नाही. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. नाही, नसतं सांगितलं.

मला वाटलं मास्तर डबा काढतील. डबा काढला नाही. म्हणाले, "उघड."

उजवीकडे पिळलं. सुटलं. दांडी बाहेर ओढली. टोकाला कॉर्क, कडेनं निळा झालेला. मास्तरांनी ब्लेडनं उभा कापला आणि दोन फाका बोटावर धरल्या.

आतून पांढरट. फिका.

मला आधी कळलंच नाही. मी बघतेय, मावशी बघतायत, चाक आपोआप फिरतंय. मग मावशी म्हणाल्या, "अगं, करपलेला कुठाय?"

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. शेपटी पुसली, बोट कोरडं. उघडलं. दांडीच्या टोकाला तो माझा, कडक चहासारखा. कुठे थेंब नाही.

पेनं बदलली होती! मावशींच्या फडक्यात!

"मला काय करायचंय, दोन्ही काळी ठिक्कर," मावशी म्हणाल्या. "रीत तुमची, फडकं माझं." आणि हसायला लागल्या, आणि मग थांबल्या. कारण मास्तर हसत नव्हते.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी घाबरले. आता हे पेन चांगलं निघालं त्याची जास्त भीती वाटायला लागली. त्यांचं गळलं होतं. माझ्यासमोर.

"पाव तासात बुडबुडे थांबत नाहीत," ते खिडकीकडेच बघून म्हणाले. "थांबेपर्यंत ठेवायचं असतं. मला शिकवलं होतं तसं. वीस वर्षं मी आधीच काढतोय. कोण बघतंय म्हणून."

मावशी म्हणाल्या, "वय झालं की होतं."

"वय नाही," मास्तर म्हणाले. "आळस."

मग आले आणि भिंतीतला खालचा खण ओढला. तो परत आलेल्या पेनांचा खण. गिऱ्हाइकांनी गळतं म्हणून पाठवलेली. मला वाटायचं लोक नीट वापरत नाहीत. मास्तरही तेच म्हणायचे. काठोकाठ भरलेला होता. सगळीच्या सगळी बाकावर ओतली.

"सगळ्यांचे कॉर्क नवे," म्हणाले. "तू काप, तू उकळ. पाऊण तास. मधे मला हात लावू देऊ नकोस." मग खुर्चीकडे हात केला. लेथपुढच्या. "आणि तिथे बस. ही कामं उभ्यानं होत नाहीत."

मी बसले. मला कळायला थोडा वेळ लागला. मावशींनी कोपर मारलं तेव्हा कळलं.

रस्त्यानं येताना हसत होते. एकटीच. एका माणसानं बाजू दिली.

१२ मार्च, बुधवार

यांना फोन केला. "कायमचं?" म्हणाले. "कायमचं," मी म्हटलं. मग पलीकडून रोलरचा भोंगा वाजला. लांब, दोनदा. मुद्दाम वाजवला त्यांनी!

दिवसभर कॉर्क. बोटांना मेण. शंभर वेळा बुडबुडे बघितले, अजून कंटाळा आला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या.

आनंदाच्या भरात एक गोष्ट मी बघितलीच नाही. बघितली होती, पण बघायची नव्हती. काम लागलं, खरं. पण ठकी? कारखान्यात नेता येत नाही. लेथ आहे, गरम मेण आहे, ती काळी भुकटी आहे. मास्तर स्वतःच म्हणाले, पोर वर आणू नकोस, या भुकटीनं माझी छाती कशी वाजते बघ. शेजारणीला दोन कार्टी आहेत आणि ती आधीच वैतागलेली. ठकीला सांभाळायला कुणी नाही, तर खुर्ची मिळाली काय नि न मिळाली काय. भाऊजी हेच म्हणणार. आणि बरोबरच म्हणणार.

सासूबाईंना विचारायचं होतं. सकाळी तोंड उघडलं, मिटलं. कामावरून आल्यावर उघडलं, मिटलं. पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यांनी, आणि त्या बोललेलं फिरवत नाहीत. मग बघते तर त्यांनी मोठी पिशवी भरून, तोंड बांधून दारात ठेवलीय. ठकी पिशवीवर बसून घोडा घोडा करतेय.

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली.

१५ मार्च, शनिवार

भाऊजी आले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. पिशवीत सगळं जाऊबाईंचंच होतं. त्यांची शाल, त्यांचा डबा, त्यांची उशी. "तिला म्हणावं, वस्तू मोजून घे," म्हणाल्या, "आणि पुढच्या खेपेला माझी गादी इकडे घेऊन ये."